तीस तारखेच्या आत घर

९ जून, मंगळवार

दादाचा फोन. घर घ्यायचं ठरलं. मी घेतेय म्हणे!

कामावरून आले, हात धुवायच्या आधीच फोन वाजला. नखांत अजून प्लास्टर. "तू पेपर वाचत नाहीस का गं?" नाही वाचत. पेपर बाबा वाचतात, आणि वाचलेलाच पुन्हा वाचतात. मग त्यानंच सांगितलं. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला सरकार करात मोठी सूट देतंय. खरेदीखताची नोंद तीस जूनच्या आत झाली पाहिजे. आणि जोडीला घरातलं कुणी म्हातारं माणूस असेल, ज्याच्या नावावर जन्मात घर नव्हतं, तर सूट दुप्पट.

"जन्मात घर नव्हतं असा माणूस तुझ्यासमोरच बसलाय," दादा म्हणाला आणि हसला.

बाबा बसले होतेच. मोजे घालत होते, एकावर एक दोन. बाबांचं सगळं आयुष्य पाणीपुरवठ्याच्या क्वार्टरमध्ये गेलं. चौतीस वर्षं पंपावर ड्यूटी, रिटायर झाल्यावर माझ्या भाड्याच्या घरात. खरंच की. नावावर काहीच नाही.

मी म्हटलं, "बघते."

"बघतेस काय! एकदा घर झालं की बाबांचा प्रश्न सुटला."

सुटला म्हणजे माझ्यापाशी सुटला. हे फोन ठेवल्यावर सुचलं. मला सगळं फोन ठेवल्यावरच सुचतं.

१० जून

दादानं नियम पाठवले. वाचले. दोघांनी पाच वर्षं त्याच घरात एकत्र राहायचं. मध्ये कुणी सोडलं तर सगळी सूट व्याजासकट परत.

पाच वर्षांनी मी बावन्न. बाबा त्र्याऐंशी.

बेरीज केली आणि भांडी घासली.

११ जून

एजंट आला. दादानंच तिकडे बसून शोधला. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "झालंच समजा". कर्ज? झालंच समजा. तीस तारीख? झालंच समजा. बाबांनी चहा संपायच्या आत त्याचं नाव ठेवलं — झालंच. पाठीमागे नाही, तोंडावर! "घ्या झालंच, बिस्किट घ्या."

त्याला काही वाटलं नाही. धंद्यातला माणूस.

एक अडचण आहे म्हणाला. पंचाहत्तरीच्या पुढचं माणूस सही करत असेल तर नोंदणीचे साहेब स्वतः त्याला प्रश्न विचारतात. समजून-उमजून सही करताहेत ना, एवढंच बघतात. बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही. मग आवाज खाली आणून — "आजोबा तसे ठीक असतात ना?"

"सकाळी असतात," मी म्हटलं.

"मग सकाळची वेळ घेऊ! झालंच समजा."

दादा तरी का नाही नेत बाबांना, असं त्यानं विचारलं नाही. कुणीच विचारत नाही. दादाकडे चार खोल्या आहेत, पण जिने फार आहेत. हे उत्तर आम्हा सगळ्यांना पाठ आहे.

१३ जून, शनिवार

घर बघितलं. एकच. दुसरं बघायला वेळ नाही.

तळमजला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालण्यापुरती जागा. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की शेजारच्यांची भिंत. हात लांब केला तर लागेल. न्हाणीघराचं दार पूर्ण मिटत नाही, खाली घासतं. कपाटामागे ओल असणार, कपाट भिंतीपासून इतकं पुढे का ठेवलंय नाहीतर? विचारलं नाही. विकणारे नवरा-बायको उभ्या उभ्या हसत होते. त्यांनाही तीस तारखेची घाई. आमच्यासारखं गिऱ्हाईक त्या तारखेपर्यंतच मिळणार.

बाबा सगळे नळ सोडत फिरले. स्वयंपाकघर, न्हाणीघर, मागचा बाहेरचा. प्रत्येक नळाखाली हात धरून उभे. "दाब बरा आहे," म्हणाले. मग त्या लोकांच्या सोफ्यावर बसून बाईंना म्हणाले, "चहा टाका की."

"आजोबांना पसंत!" झालंच म्हणाला.

मला विचारलं असतं तर काय सांगितलं असतं? दार घासतं म्हणाले असते. तेवढंच.

१४ जून

आत्याचा फोन. बातमी पोचलीच! "घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून. दुसरं तर तू केलं नाहीस, पहिलं तरी कर बाई." मग स्वतःच खो खो हसली. मीही हसले. आत्यावर रागावता येत नाही, ती सगळ्यांना सारखंच बोलते. शेवटी म्हणाली, "माझा भाऊ सुटला. तुझ्याकडे आहे म्हणून मी निर्धास्त झोपते."

सगळे झोपताहेत. छान.

१६ जून

लॅबमध्ये तीन कवळ्या. दातांचे डॉक्टर जबड्याची मापं पाठवतात, मी मेणात दात बसवते. माणूस कधी दिसत नाही, फक्त जबडा. आजचा एक जबडा एका बाजूनं फार झिजलेला. आयुष्यभर एकाच बाजूनं चावलं असणार बिचाऱ्यानं. दोन्ही बाजू सारख्या करून दिल्या तर त्याला चालणार नाही, टोचेल. थोडं वाकडंच ठेवावं लागतं.

दुपारी बाईंनी आत बोलावलं. बाई म्हणजे लॅबच्या मालकीण. दार लोटून घेतलं तेव्हा वाटलं, काढताहेत. पण नाही. त्या दुसऱ्या शहरात नवी लॅब उघडताहेत. "तूच जा. सगळं तुझ्या हातात. हाताखाली चार मुली देते, शिकव त्यांना. वर राहायला खोली आहे, उजेडाची."

मी म्हटलं, "आम्ही इथं घर घेतोय ना. पाच वर्षं हलता येणार नाही."

"अगं, मग अभिनंदन!" त्या म्हणाल्या. जरा थांबून, "महिना-दोन महिने आहेत अजून. विचार कर."

"नाही, नको," मी म्हटलं. चटकन. दादाला नाही म्हणायला माझी जीभ टाळ्याला चिकटते. जे मला स्वतःला हवं असतं त्याला नाही म्हणायला मात्र क्षण लागत नाही.

पुन्हा येऊन त्याच जबड्यावर बसले. उजेडाची खोली! असू दे.

१७ जून

इसार दिला. माझ्या साठवलेल्यातून.

१९ जून

बँक. सह्या, सह्या, सह्या. समोरची मुलगी गोड होती. "पहिलं घर ना मॅडम? कसं वाटतंय?"

दाढ काढताना इंजेक्शन देतात, मग गाल असतो ना — आपलाच, पण चिमटा काढला तरी कळत नाही. तसं. तिला म्हटलं, "छान वाटतंय."

कर्ज मंजूर. झालंच म्हणाला, "बघा, म्हटलं नव्हतं?" म्हटलं होतंस रे, म्हटलं होतंस.

२१ जून, रविवार

बाबांची तयारी सुरू केली. साहेब काय विचारतात ते झालंचकडून लिहून घेतलंय. नाव, वय, कशासाठी आलात, बरोबर कोण, कुणी जबरदस्ती केली का.

नाश्ता झाल्यावर बसवलं समोर.

"नाव?" सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

"वय?" "तू सांग, तुझ्याकडे कागद आहेत."

"बाबा, अठ्ठ्याहत्तर."

"बरं, अठ्ठ्याहत्तर. नक्की ना?"

"इथं कशासाठी आलात?" "पगाराला."

"बाबा!"

"बरोबर कोण आहे?" "हेडमास्तरीण."

मला हसू आलं. त्यांनाही. आईसारखंच हसतेस म्हणाले. मग पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा. पुन्हा. दुपारपर्यंत कंटाळले, मान खाली घालून बसले.

शेवटचा प्रश्न. "कुणी जबरदस्ती केली का?" म्हणायचं, "नाही." त्यांच्या ते काही केल्या लक्षात राहत नव्हतं, "कसली?" असं विचारायचे. तर मी त्यांच्याकडून दहा-दहादा म्हणवून घेतलं. नाही. नाही. नाही. जबरदस्ती नाही हे जबरदस्तीनं शिकवणारी मी पहिलीच असेन!

२३ जून

संध्याकाळी आले तर दार उघडं, बाबा नाहीत. घाबरले असं लिहायला हवं. घाबरले नाही. चपला पुन्हा पायात सरकवल्या आणि खाली उतरले, दूध आणायला उतरावं तशी. कोपऱ्यावर सापडले. पाइपलाइनसाठी खणलेल्या खड्ड्यापाशी उभे राहून कामगारांना सांगत होते, व्हॉल्व्ह उघडा, वर पाणी चढत नाहीये. एका कामगारानं त्यांना बसायला बादली पालथी घालून दिली होती. "आजोबा बरोबर बोलताहेत हो," तो मला म्हणाला.

हात धरून आणलं. जिन्यात म्हणाले, "ताई, तुमची फार मदत झाली."

ताई. बरं.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणून तर तळमजला बरा! बघ, किती विचार करून घेतलंय."

२४ जून

उठले. गेले. आले.

२६ जून

घरमालकांना सांगितलं, महिनाअखेर सोडतोय. ते म्हणाले, वाईट वाटतंय. वाटत असेल. लगेच, खोली बघायला माणसं आणू का विचारायला लागले.

खोकी बांधतेय. भांडी कागदात गुंडाळताना लक्षात आलं, बाबा मागून एकेक सोडवून पुन्हा फडताळात लावताहेत. नीट, मोठी मागे, छोटी पुढे. मी बांधते, ते सोडवतात. अर्धा तास असंच चाललं होतं आणि मला पत्ता नाही!

वहिनीचा मेसेज आला. नव्या घरी पडदे कुठल्या रंगाचे घेणार? म्हणे पिस्ता छान दिसेल. "आम्ही काय बाई, पाहुणे," असंही.

२८ जून, रविवार

आज ओरडले.

सकाळपासून प्रश्न. नाव झालं, वय झालं. कशासाठी आलात? बाबा गप्प. कशासाठी आलात, बाबा? गप्प. खिडकीतून बाहेर बघत बसले. मी टेबलावर हात आपटला. "घर घ्यायला! घर घ्यायला आलोय म्हणा! एवढंसं वाक्य येत नाही तुम्हाला?" माझा आवाज असा निघतो हे मलाच माहीत नव्हतं. वरच्या मजल्यावरची शिलाईची मशीन थांबली.

बाबा म्हणाले, "घर घ्यायला."

मग सगळं बरोबर म्हणाले. न चुकता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुणाची जबरदस्ती? "नाही," म्हणाले, आणि ताट उचलून विसळायला घेऊन गेले. ताटात अजून खाणं होतं.

त्यांच्या मागे जाऊन माफ करा म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. खोकं बांधलं.

२९ जून

उद्या. सकाळचा नंबर आहे. झालंच समजा, म्हणाला.

३० जून, मंगळवार

सगळं लिहिते. नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी बाबा लख्ख. दाढी स्वतः केली, कल्लेसुद्धा सारखे. इस्त्रीचा शर्ट. "आज इन्स्पेक्शन आहे का?" म्हटलं, तसंच काहीसं. "मग बूट पॉलिश हवेत." केले मी.

नोंदणी कार्यालयात झुंबड. शेवटचा दिवस, सगळ्या गावाला आजच पहिलं घर हवं. लोक जिन्यात बसलेले. झालंच आमची फाइल डोक्यावर धरून इकडून तिकडे. विकणारे नवरा-बायको भिंतीला टेकून. कॉम्प्युटर मध्येच बंद पडले आणि सकाळ गेली. मला काही वाटलं नाही, पण डोक्याला कळलं — बाबांची सकाळ गेली. दुपारी ते खुर्चीत पेंगले. बिस्किटं दिली, पाणी दिलं. फोनवर दादा: "आला नंबर? आला नंबर?" शेवटी पर्समध्ये तळाशी घातला फोन.

नंबर आला तेव्हा शिपाई बाहेरचं दार लोटून घेत होता. आत असतील तेवढ्यांचंच होणार.

साहेब दमलेले, पण माणूस चांगला. "आजोबा, बसा. नाव सांगा." सांगितलं. "वय?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. "अठ्ठ्याहत्तर," म्हणाले. "हिनं पाठ करून घेतलंय." झालंऽ कल्याण, मला वाटलं! पण साहेब हसले. "इथं कशासाठी आलात?" "घर घ्यायला. पहिलंच आहे." "बरोबर कोण?" "मुलगी माझी. दात करते. हे तिचेच," आणि कवळी दाखवली. मागची रांगसुद्धा हसली. "सही करायला कुणी जबरदस्ती केलीय का?" "छे! नाही."

साहेबांनी कागद त्यांच्याकडे फिरवला. कुठं सही करायची तिथं बोट ठेवलं. झालंचनं मागून माझ्या खांद्याला हळूच धक्का दिला, म्हणजे झालंच.

बाबांनी पेन घेतलं. टोपण काढलं. समोर भलं मोठं रजिस्टर, वर भिंतीवर घड्याळ, कडेला उभी माणसं, दाराशी घरी जायला निघालेला शिपाई. कुठं आहोत असं त्यांना वाटलं कोण जाणे. वळले माझ्याकडे. चेहरा वेगळाच. सरळ. कामाचा.

"झोप झालीय?" म्हणाले.

लहानपणी डबा घेऊन पंपावर जायचे मी, तेव्हा रोज ऐकलेलं. पाळी बदलताना बाबा पुढच्या माणसाला तीन गोष्टी विचारायचे. झोप झालीय? घरी ठीक? घेतोस? तो "घेतो" म्हणाला की मगच रजिस्टरात सही करायची आणि उठायचं. रात्रभर एवढी मोठी यंत्रं एकट्यानं सांभाळायची, अर्धवट माणसाच्या हाती देऊन चालत नाही. कुणी "नाही" म्हणाला तर का म्हणून विचारायचे नाहीत. सही न करता परत खुर्चीत बसायचे आणि त्याची पाळीही स्वतः काढायचे. आई चिडायची — सगळ्या जगाचा मक्ता तुम्हीच घेतलाय का!

"झोप झालीय?"

"हो, बाबा. सही करा."

"घरी ठीक?"

"ठीक." मागून कुणीतरी म्हणालं, अहो आटपा की.

"मग घेतेस?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. हो मला येतं. सत्तेचाळीस वर्षं तेच तर म्हणतेय. दादाला हो, आत्याला हो, बँकेतल्या मुलीला हो, पिस्ता रंगालासुद्धा हो. बाबा माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते. घाई नाही. इतक्या दिवसांत माझ्या उत्तरासाठी थांबलेला हा पहिलाच माणूस.

"नाही," मी म्हटलं.

मोठ्यानं नाही. पण म्हटलं.

"बरं," बाबा म्हणाले. पेनाला टोपण लावलं. "मग मी थांबतो."

आणि हात मांडीवर ठेवून बसले.

"काय झालं?" साहेब म्हणाले. झालंच पुढे घुसला, काही नाही साहेब, आजोबा जरा थकलेत. साहेबांनी त्याला हातानं गप्प केलं. "आजोबा, सही करायची आहे ना?"

"नाही. ही घेत नाहीये. मी थांबतो."

असं स्वच्छ वाक्य मी त्यांच्याकडून महिनाभर पाठ करून घेऊ शकले नसते. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. पंचाहत्तरीच्या आतल्यांना प्रश्न विचारायचा नियम नाही, पण त्यांनी विचारला. "तुमचं काय? तुम्हाला घ्यायचंय का घर?"

मी कागदाकडे बघत उभी राहिले. हो आलं नाही. नाहीसुद्धा दुसऱ्यांदा आलं नाही.

"बाजूला व्हा. पुढचे या."

बाहेर व्हरांड्यात झालंच घामाघूम. "मॅडम, अजून दहा जण आहेत, शेवटी पुन्हा घुसवतो. तुम्ही समजवा त्यांना."

"त्यांना समजलंय," मी म्हटलं.

विकणाऱ्या बाई रडायला लागल्या होत्या. त्यांचं मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. किती दिवसांनी काहीतरी वाटलं. दार बंद झालं, दिवे गेले. आम्ही चालत घरी आलो. बाबा वाटेत म्हणाले, बूट चावताहेत.

१ जुलै

दादा फोनवर तासभर. "हातातोंडाशी आलेला घास! इसारही बुडाला! लोकांना काय सांगू?" मग वहिनी. मग पुन्हा दादा. "म्हाताऱ्या माणसानं काहीतरी बरळलं आणि तू ऐकलंस?" मी ऐकून घेतलं. तो म्हणाला, "तुला झालंय तरी काय?" हे मात्र त्यानं प्रश्न म्हणून विचारलं नव्हतं, म्हणून उत्तर दिलं नाही.

मी कामावर गेले नाही. उठले तेव्हा उन्हं पार भिंतीवरून खाली उतरलेली. आणि बाबा उठून, आंघोळ करून, स्वयंपाकघरात! चहा केला होता. दोन कप. खोक्यांतली भांडी सगळी काढून फडताळात लावलेली. मी उठून मदतीला गेले तर म्हणाले, "तू नीज. मी आहे ना ड्यूटीवर."

परत जाऊन आडवी झाले आणि रडले. उशीत तोंड खुपसून, लहान मुलीसारखी. आवाज गेला असणार बाहेर. बाबा आले नाहीत. कपबशा विसळल्याचा आवाज येत राहिला.

दिवसभर ड्यूटीवर होते. मला जेवायला वाढलं. अंडी जरा करपली होती. संध्याकाळी अंधार पडायला लागला तसे मावळले. "ताई, इथली बाई कुठं गेली हो?" म्हणाले.

मी म्हटलं, "इथंच आहे."

२ जुलै

घरमालक म्हणाले, राहा मग अजून, नवीन माणूस काही ठरला नाही. भाडं थोडं वाढवलं. वाढवू दे.

रागावलेय मी. आज कळलं. बस थांब्यावर उभी असताना कळलं. दादावर, आत्यावर, त्या पिस्ता रंगावर! बाबांवरसुद्धा, थोडी. २८ तारखेचं राहिलं होतं, ते मात्र आज सकाळी त्यांना म्हटलं. माफ करा, मी ओरडले. ते म्हणाले, "कधी?" मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बरं, बरं."

लॅबमध्ये बाईंच्या दारापर्यंत गेले. आत कुणीतरी होतं. परत आले.

४ जुलै

पेपरात आलंय. सरकारनं मुदत वाढवली. बाबांनीच वाचून दाखवलं, दोनदा.

लगेच दादाचा फोन. आनंदानं ओरडतच होता. "देव पावला! सहा महिने मिळाले आपल्याला! पूर्ण सहा महिने! एजंटला लावलाय फोन, तेच घर—"

मी म्हटलं, "हो, मिळाले. ते सहा महिने बाबा तुझ्याकडे राहतील. पुढच्या शनिवारी आणून सोडते. मग माझ्याकडे."

पलीकडे काहीच नाही. जिने फार आहेत, हेसुद्धा नाही.

मी फोन ठेवला नाही. कानाला लावून बसले.